दोन शपथा

रुक्मिणीनगर, अमरावती
गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४

प्रिय विमलताई,

नमस्कार. तुझे गुडघे या पावसाळ्यात फार कुरकुरत नसतील असं धरून चालते. माझं बरं आहे. मे महिन्यात डॉक्टरांनी हृदयात बसवलेले दोन स्टेंट आपलं काम करताहेत, मी माझं करते. पोळा झाला. पुरण यंदा मैथिलीने एकटीने घातलं आणि मला फक्त चव बघायला बोलावलं, त्यामुळे मी सासू म्हणून निवृत्त झाले असं समज. परवा तान्ह्या पोळ्याला स्वराली लाकडी बैल ओढत गल्लीभर हिंडली. बैलाच्या उजव्या डोळ्यावर तिने स्वतःसारखीच पट्टी चिकटवली होती. लोकांनी विचारलं तर सांगायची, याचा दुसरा डोळा आळशी आहे, त्याला कामाला लावलंय.

हे वाचून हसलीस ना? महिन्यापूर्वी हसता आलं नसतं. म्हणूनच लिहायला बसले. फोनवर तुझं "काय? काय म्हणतेस?" आणि माझं ओरडणं, यात आपल्या घरचं सगळं शेजारच्या माणिकबाईंना आधी कळतं आणि तुला मागून. गौरांगने तुला मेसेज केला होता की स्वरालीला शाळेत थोडा त्रास होता, आता नाही. माझा मुलगा दोन महिन्यांचं दुःख एका ओळीत बसवतो. नीट सांगते.

स्वरालीच्या डाव्या डोळ्याचं तुला माहीत आहे. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की चांगला डोळा रोज सहा तास झाकायचा, म्हणजे दुर्बळ डोळा शिकेल. पट्टी शाळेतच लावा, तिथे वाचन-लेखन होतं. आणि हे सगळं आत्ताच करायला हवं. पोरगी साडेसात वर्षांची आहे, आणखी मोठी झाली की डोळा शिकायला तयार होत नाही. मैथिलीने हौसेने फुलाफुलांच्या, फुलपाखरांच्या चिकटपट्ट्या मागवल्या. रोज सकाळी ती स्वतः पट्टी लावून पोरीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायची.

जुलैपासून स्वराली उघड्या डोळ्याने घरी यायला लागली. विचारलं की म्हणायची, निघाली. घामाने निघाली, तोंड धुताना निघाली. मग विचारलं तरी काही बोलेना. आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की पोरगी पट्ट्या काढून फेकते. मैथिलीने टॅब बंद केला. गौरांग एक दिवस ओरडला. मी ओरडले नाही, पण रोज "शहाण्या मुली असं करत नाहीत" हे माझं सुरू असायचं, आणि आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या तालमीत तयार झालेली मी ते किती गोड आवाजात म्हणू शकते हे तुला ठाऊक आहे. ते ओरडण्याहून वाईट असतं. ती जेवण टाकायला लागली तर मी मीठमोहऱ्या ओवाळून नजरही काढली.

ऑगस्टच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तपासलं. तक्त्यावरची एकही नवी ओळ तिला वाचता आली नाही. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडे बघत म्हणाले की पट्टी लावली जात नाहीये, आणि गेलेले दिवस परत येत नाहीत.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते आपल्याच घरात होऊ शकतं. दिवा लावून झाला होता. मी स्वरालीला देवघरापुढे बसवलं, तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, खरं सांग, पट्टी तूच काढतेस ना?

तिने चटका बसल्यासारखा हात ओढला. ताई, ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, गळ्याकडे बघत होती. ओठ पांढरे झाले. मग तिथेच तिला उलटी झाली.

आणि मला एकदम कळलं की या पोरीवर आधीच एक शपथ आहे. कसं कळलं ते राहू दे. कळलं.

मी तिला धुतलं, पुसलं, मांडीवर घेतलं. आधी माझी शपथ सोडली. तुला आठवत असेल, ज्याने घातली त्यानेच तीनदा "सुटली" म्हणायचं. तसं म्हटलं. मग तिला सांगितलं, दुसऱ्या कुणी घातली असेल तर नाव सांगू नकोस, मी विचारणारही नाही. बराच वेळ ती माझ्या पदराचं टोक चावत बसली. मग म्हणाली, "आजी, दोघींच्या शपथा असल्या तर आधी कुठली लागते?"

एवढ्याशा जिवाने हे किती दिवस एकटीने सोडवायला घेतलं असेल. सांगितलं तर आजी मरणार. आणि आता नाही सांगितलं तरी आजी मरणार, कारण आजीनेच तशी सोय करून ठेवली. मे महिन्यात मला स्ट्रेचरवरून नेताना तिने पाहिलं होतं. तिच्या लेखी हे खेळातलं मरण नव्हतं.

गौरांग म्हणाला, आई, तिला समजावून सांग ना की शपथ वगैरे काही नसतं. मी म्हटलं, तुला सात वर्षांचा असताना कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं? मैथिली तडक मुख्याध्यापिकांकडे निघाली होती. तिला म्हटलं, चार दिवस दे. आत्ता चौकशी झाली तर स्वरालीला वाटेल की तिच्यामुळे बाहेर फुटलं, आणि मला साधी शिंक आली तरी पोरगी जीव मुठीत धरून बसेल. चार दिवस पट्टी घरीच लावली, मग पुन्हा शाळेत.

तिच्या वर्गशिक्षिका प्रणाली मॅडम, तरुण मुलगी आहे, समंजस. त्यांना खरं तेवढं सांगितलं आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या बाकावर बसायची परवानगी मागितली. मुलांना वाटलं कुणाची तरी आजी घ्यायला आली आहे. स्वरालीला मी एवढंच सांगितलं की मी येणार, तू मला काही दाखवायचं नाही, काही सांगायचं नाही. सांगायचं नाही अशीच शपथ आहे ना? मग तू मोडत नाहीस. त्यावर तिने विचार करून मान हलवली. आपल्या वकील बाबांची पणती आहे शेवटी.

दोन दिवस काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ पाचवीतली एक उंच मुलगी आली, मागे दोघी. मला वाटलं होतं ढकलाढकली असेल, ओरडणं असेल. तसं काही नाही. त्या मुलीने नुसता तळहात पुढे केला. स्वरालीने स्वतःच्या हाताने डोळ्यावरची पट्टी सोलली आणि त्या तळहातावर ठेवली. मागच्या दोघी "एकडोळी, एकडोळी" म्हणून हसल्या. बस एवढंच. रोजचं काम उरकावं तसं. मला मारामारी बघवली असती गं, हे बघवलं नाही.

मी त्यांच्या मागे गेले. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून फुलं, फुलपाखरं ओळीने चिकटवलेली. महिरप केली होती चांगली.

त्या मुलीचं नाव पौर्णिमा. मी तिला म्हटलं, मी स्वरालीची आजी. मागच्या दोघी पळाल्या. ही उभी राहिली आणि तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"जिची शप्पथ हाय ते तुमीच?"

"मीच."

"पन तुमी तं चांगल्या हाय."

मला हसू आलं, पण आवरलं. तिला म्हटलं, मी चांगली आहे, पण माझी नात चांगली नाही. शपथ तू घातलीस, म्हणून सोडवणंही तुझ्याच हातात आहे, तिथे माझं काही चालत नाही. ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली की आमच्या घरी असल्या फुलवाल्या पट्ट्या कोणी आणत नाही. पहिली मागितली होती, नंतर ती मागायच्या आधीच द्यायला लागली. आणि तिने विचारलं, "सुटली म्हनलं तं मॅडमले सांगान काय?"

खोटं बोलावंसं वाटलं, ताई. एका शब्दात काम झालं असतं. पण म्हटलं, "हो, सांगणार. तू म्हटलंस तरी आणि नाही म्हटलंस तरी. पण म्हटलंस तर तेही सांगेन."

तिने उंबऱ्यावर पाय घासला. स्वराली माझ्या मागे लपली होती, तिला पुढे घेतलं. पौर्णिमा तिच्याकडे न बघता तीनदा भरभर म्हणाली, सुटली, सुटली, सुटली. पुन्हा घालणार नाही असंही म्हण, म्हटलं, तर तेही म्हणाली.

स्वरालीने आधी माझ्या गळ्याला हात लावून पाहिलं. आणि मग जी बोलायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही. ऑटोत बसल्यावर सुरू केलं ते राजापेठ ओलांडली तरी चालूच. कोणत्या दिवशी काय म्हणाल्या, डब्यातलं काय घेतलं, कोणत्या पट्टीवर कोणतं फूल होतं. ऑटोवाला मध्ये म्हणाला, "लहान बाई लय दिवसांची बोलली नाही वाटते." मी म्हटलं, हो बाबा, दीड महिन्याची.

पुढचं थोडक्यात. मुख्याध्यापिकांनी पौर्णिमाच्या आईला बोलावलं. ती तिथेच हात उगारायला निघाली होती, बाईंनी धरलं. मधल्या सुट्टीत आता टाकीजवळ एक शिक्षिका उभी असते, आणि पौर्णिमा काही दिवस सुट्टीत प्रणाली मॅडमबरोबर बसते. मॅडमनी सगळ्या वर्गाला चित्रकलेचा एक तास एका डोळ्याला रुमाल बांधून बसवलं. दोघांनी रंग शेजाऱ्याच्या वहीत भरला. स्वराली आणि पौर्णिमाची मैत्री वगैरे झालेली नाही, व्हायची गरजही नाही. आणि काल डॉक्टरांकडे गेलो होतो. तीनच आठवडे झालेत, तरी तक्त्यावरची आणखी खालची एक ओळ तिने वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळ आहे अजून. मैथिली तिथे खुर्चीवर बसून रडली, गौरांग भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

घरात आता कुणी कुणाला शपथ घालायची नाही असा नियम केला आहे. देवाचीसुद्धा नाही.

बाकी सगळे खुशाल. महालक्ष्म्या तुझ्याकडे बसतात, तेव्हा तुझी धांदल असेल. झाल्या की दोन ओळी लिही.

सगळ्यांना यथायोग्य.
तुझी
कुंदा


रुक्मिणीनगर, अमरावती
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. आंबिलीचं आणि सोळा भाज्यांचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. आणि सगळ्यात खाली, पत्ता लिहून झाल्यावर आठवल्यासारखं, तू लिहिलं आहेस: "पोरगी सुटली, माझा जीव भांड्यात पडला. पण कुंदे, शप्पथ हाय हे तुले समजलं कसं, ते तू लिहिलंच नाही."

तू मला "राहू दे" म्हणून पुढे जाऊ देणार नाहीस हे ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच तसं लिहिलं.

समजलं, कारण स्वराली माझ्या गळ्याकडे बघत होती. तसं बघताना मी अजून एकाच मुलीला पाहिलं आहे. एकाहत्तर साली अकोल्याच्या घरी आई विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती आणि तू शाळेतून आलीस की तिच्या खाटेशी उभी राहायचीस. बाबा म्हणायचे, विमल फार मायाळू, आईजवळून हलत नाही. तू आईचा गळा हलतो की नाही ते बघत असायचीस. मला माहीत होतं. शपथ मीच घातली होती ना.

इथवर लिहून उठले होते. भाजी टाकली, परत आले. आता पूर्ण करते.

तुझा कान वाहायचा. आई त्यात कापसाचा बोळा घालायची. कॉन्व्हेंटमधल्या मुली तुझ्या बाकावर बसायच्या नाहीत, तुझा हात लागला की "टच" म्हणून दुसरीला लावत सुटायच्या. मी चौथीत, तू सहावीत. माझ्या मैत्रिणी चांगल्या घरच्या, चकचकीत बुटांच्या, मला त्यांच्यात घेतलं होतं याचंच मला केवढं वाटायचं. एकदा त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, ती तुझी बहीण का? मी इंग्रजीत, अगदी चोख व्याकरणात सांगितलं, नाही, आमच्या गल्लीत राहते. तू चार पावलांवर होतीस. तेव्हा तुला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात माझ्या त्या चार मैत्रिणींनी तुझं डोकं नळाखाली धरलं. पाचवी मी, बाजूला उभी. मी धरलं नाही, असं स्वतःला आयुष्यभर सांगत आले. सोडवलंही नाही, हे सांगायचं टाळत आले. घरी जाताना सायकलरिक्षात तुझी वेणी ठिबकत होती. मला भीती वाटली की तू घरी सांगशील, बाबा शाळेत येतील, आणि सगळ्यांना कळेल की तू माझी कोण आहेस. म्हणून मी तुझा हात माझ्या गळ्यावर नाही, तुझ्याच गळ्यावर ठेवला आणि आईची शपथ घातली. घरी काही सांगायचं नाही. आणि शाळेत मला हाक मारायची नाही.

तू दोन्ही पाळलंस. कान ठणकायला लागला तरी बोलली नाहीस, कारण कान सांगायचा तर नळ सांगावा लागला असता. बाबांनी तुला नागपूरला नेलं तोवर दीड महिना गेला होता. पडदा गेला तो गेलाच. वर्गात ऐकू येईना, तू मागे पडलीस, आणि बाबांनी तुला काढून मराठी शाळेत घातलं. तेव्हापासून आपल्या घरात एक वाक्य पक्कं झालं: विमलला इंग्रजी झेपलं नाही. आई म्हणायची, आत्या म्हणायची, आपला गोपाळकृष्णदादा तर तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांना हसत हसत म्हणाला होता. मी प्रत्येक वेळी तिथे होते. एका वाक्याने ते खोडता आलं असतं. त्रेपन्न वर्षं मी ते वाक्य ऐकत राहिले आणि माझ्या इंग्रजीचं कौतुक करून घेत राहिले.

आई बरी झाली, पुढे बत्तीस वर्षं जगली. ती गेल्यावरही तू कुणाला काही बोलली नाहीस. मी वाट बघायचे. कधी कधी वाटायचं, तू विसरली असशील. मग तू माझ्याकडे बघायचीस, आणि मला कळायचं की नाही.

आता तुला इथे "सुटली" असं लिहून पाठवणार होते. पण ते किती सोपं आहे. जिची शपथ होती ती आई नाही, आणि तू ज्यासाठी गप्प बसलीस ते केव्हाच गेलं. म्हणून तुझ्याऐवजी मीच सांगितलं. शनिवारी जेवताना गौरांग आणि मैथिलीसमोर सगळं सांगितलं, नळासकट. गौरांगने ताट तसंच ठेवलं. मैथिलीने मला पाणी दिलं. स्वरालीला बाहेर पाठवलं होतं, तरी दाराआडून आलीच आणि विचारलं, "मग विमलआजीला सोडवायला कुणीच आलं नाही?" मी म्हटलं, नाही.

काल दादाला पुण्याला फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, "गणितात ती माझ्या पुढे होती गं. मला तेव्हाच कळायला हवं होतं." तो तुला पत्र लिहिणार आहे. त्याला सदुसष्टाव्या वर्षी पत्र लिहिण्याची सवय नाही, तेव्हा जसं येईल तसं वाच.

मला आज फार हलकं वाटतंय, आणि ते वाटण्याची लाजही वाटते. स्वरालीचं वेळेत सुटलं याचा आनंद खरा आहे. पण तो आनंद मला तुझ्यामुळे मिळाला, तुझ्या वाट्याला काहीच न येता. तुझी ती मुद्रा मी त्रेपन्न वर्षांत विसरले असते, तर माझ्या नातीचा डोळा गेला असता.

शुक्रवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरते आणि दुपारी अकोल्याला जठारपेठेत तुझ्या दारात येते. उजव्या बाजूला बसेन, त्या कानाला थोडं ऐकू येतं तुझ्या. पण मला बोलायचं नाहीये. बोलायचं तू आहेस. रागाव, शिव्या दे, दोन दिवस तोंड फिरवून बस, तुला हवं ते. मी परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझी सख्खी बहीण,
कुंदा